पद्मिनीचा डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवताना वायरिंग नेमके कसे करावे?

चौथा_गिअर
गाडी १९७६ ची प्रीमियर पद्मिनी, मूळ डायनॅमोवाली (डायनॅमो म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे जुने यंत्र; अल्टरनेटर त्याच कामाचे नवे). त्या जागी ल्युकास-टीव्हीएसचा ४५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवायचा आहे. रेग्युलेटर आतच असलेला. मागे एक जाड बोल्ट (बी प्लस) आणि एक बारीक पिन, तिच्यावर 'आयएनडी' लिहिले आहे. ब्रॅकेटचे बघून झाले, प्रश्न फक्त वायरिंगचा.

वायरमनचे म्हणणे, "कटआउट आहे तिथेच राहू दे, डायनॅमोच्या दोन वायरी काढून अल्टरनेटरला मारू, झालं काम." हे पटत नाही.

तर तीन गोष्टी विचारतो. कटआउटचे काय करायचे? जुन्या वायरी चालतील का? आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पूर्वीसारखा काम करेल का?

अवली
वायरमन बदला. धागा संपला.

मल्टिमीटर
अवली, थांबा जरा. वायरमनचे अर्धे म्हणणे बरोबर निघू शकते, फक्त तो म्हणतो त्या कारणाने नाही.

कटआउट म्हणजे ती पत्र्याची डबी तीन कामे करते: डायनॅमो मंदावला की बॅटरीचा करंट उलटा त्याच्यात जाऊ न देणे, व्होल्टेज आवरणे आणि करंट मर्यादेत ठेवणे. अल्टरनेटरमध्ये पहिले काम डायोड करतात, दुसरे आतला रेग्युलेटर करतो, आणि तिसऱ्याची गरजच नाही, कारण अल्टरनेटरची गुंडाळी स्वतःच ठराविक अँपिअरच्या पुढे जात नाही. म्हणजे डबीला काम उरत नाही. तरीही बी प्लस तिच्यातून नेला, तर आतली करंटची गुंडाळी विसेक अँपिअरच्या हिशेबाची असते; उतरलेल्या बॅटरीला अल्टरनेटर पहिल्या दहा मिनिटांत चाळीसपर्यंत देतो. गुंडाळी तापते, पॉइंट चिकटतात, वास येतो.

आता खरी गोम. डबी काढून फेकली की बऱ्याच गाड्या पूर्ण मृत होतात, आणि दोष बिचाऱ्या नव्या अल्टरनेटरवर येतो. फियाट पद्धतीच्या डबीवर ५१, ६७, ३० असे आकडे असतात. ५१ वर डायनॅमोची जाड वायर, ६७ वर फील्डची (डायनॅमोत चुंबकत्व आणणाऱ्या गुंडाळीची) बारीक, आणि ३० वर बॅटरीची बाजू. या ३० वर बहुतेक वेळा दोन वायरी सापडतात: एक बॅटरीकडून (सेल्फवरून) आलेली आणि दुसरी चावी व फ्यूज बॉक्सकडे जाणारी. सेल्फ सोडून गाडीचा सगळा करंट या एका स्क्रूवरून वळतो. म्हणून डबी काढलीत तर ३० वरच्या सगळ्या वायरी एकाच बोल्टवर घट्ट आणायच्या. नुसती टेप गुंडाळून नाही. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून, इन्सुलेटेड स्टडवर.

आकडे पुसले असतील तर ओळखायची पद्धत: इंजिन बंद, चावी बंद, टेस्ट लॅम्पचे एक टोक बॉडीला. ज्या टर्मिनलवर लॅम्प लागतो ते ३०. दुसरे कुठलेही लागता कामा नये. लागले तर कटआउटचे पॉइंट आधीच चिकटलेले आहेत.

चौथा_गिअर
म्हणजे डबी दिसायला ठेवून आतून रिकामी केली तरी चालेल?

मल्टिमीटर
उत्तम चालेल. आतल्या गुंडाळ्या काढायच्या, ३० चा स्टड जंक्शन म्हणून ठेवायचा, झाकण परत लावायचे. बॉनेट उघडल्यावर सगळे मूळचे दिसते आणि वायरमनचाही मान राहतो. मघाचे 'अर्धे बरोबर' ते हेच.

तांब्याची_तार
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. डायनॅमोची जुनी जाड वायर बी प्लसला मारू नका. ती मुळात कमी करंटची, त्यात पन्नास वर्षांची. इन्सुलेशन खरवडून पाहिलेत तर तांबे आतपर्यंत काळे पडलेले असते. नवी वायर घ्या: बी प्लसपासून थेट सेल्फच्या सोलेनॉइडवरच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवरच्या) त्या बोल्टवर, जिथे बॅटरीची केबल येते. जंक्शनवर नाही, चावीवर तर अजिबात नाही.

जाडी: ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ३ मिलिओहम, १० चौरस मिमीचा सुमारे १.८. दीड मीटर लांबी धरली आणि ४० अँपिअर वाहिले तर सहाच्या वायरीत ०.१८ व्होल्ट जातात, दहाच्यात ०.११. सहा चालते, दहा घ्या. घरच्या फिटिंगची वायर वापरू नका. तिचे पदर जाड आणि मोजके असतात, इंजिनच्या थरथरीत थिंबलच्या तोंडाशी तुटतात. गाडीसाठीची बारीक पदरांची वायरच घ्यायची.

या वायरीत ६० अँपिअरचा फ्यूज हवा, आणि तो सोलेनॉइडच्या टोकाशी. अल्टरनेटरशी लावून उपयोग नाही. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर मोठा करंट बॅटरी ओतणार, अल्टरनेटर नाही.

थिंबल मात्र प्रेसनेच दाबा. पकडीने चेपलेले आणि वरून शिसे ओतलेले थिंबल दिसायला छान असते, पण तापले की शिसे मऊ होते आणि जोड सैल पडतो.

घाटमाथा
सगळे खरे, पण मुळात अल्टरनेटर हवाच कशाला? धाग्यात कोणी विचारलेच नाही. नव्वद टक्के लोक "लाइट मंद आहेत" म्हणून डायनॅमो काढतात. लाइट मंद असतात ते स्विचमधून आणि जुन्या वायरीतून हेडलाइटपर्यंत जाताना एक-दीड व्होल्ट गळतो म्हणून. दोन रिले लावा, बॅटरीवरून ४ चौरस मिमीची ताजी वायर हेडलाइटला द्या, बल्बाचे अर्थिंग साफ करा. फरक रात्री दिसेल. कार्बन बदललेला, कम्युटेटर साफ केलेला डायनॅमो पुढची वीस वर्षे चालतो, आणि गाडी मूळची राहते.

मल्टिमीटर
घाटमाथा, रिलेबद्दल शंभर टक्के सहमत. अल्टरनेटर लावूनही रिले लावाच. पण हिशेब मांडून बघा. हेडलाइट ५५ वॅटचे दोन म्हणजे सुमारे ९ अँपिअर, मागचे-पुढचे छोटे बल्ब मिळून २, इग्निशन कॉइल ३, वायपर ३. सतरा झाले. वर टेप आणि मोबाइलचा चार्जर. पावसाळ्यात रात्री डायनॅमो आपल्या सगळ्या ताकदीनिशी फक्त बरोबरी करतो, आणि तीही गाडी पळत असताना. सिग्नलवर न्यूट्रलमध्ये त्याचे चार्जिंग शून्य. पुण्या-मुंबईत गाडी पळते किती आणि सिग्नलवर उभी किती, ते तुम्हीच सांगा.

घाटमाथा
घाटात राहणाऱ्याला सिग्नलचे काय सांगता. बरं, शहरासाठी मान्य. रॅलीत गाडी नेणाऱ्याने मात्र डायनॅमो जपून ठेवावा, भंगारात देऊ नये. आणि ठेवताना कोरड्या जागी, शाफ्टला तेल लावून.

जुनाखिळा
तिसरा प्रश्न, लाल दिवा. हा नुसता दिवा नाही, हे आधी डोक्यात बसवा. डायनॅमोच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक असते, तो स्वतःच सुरू होतो. अल्टरनेटरच्या रोटरला (आत फिरणाऱ्या गुंडाळीला) पहिला धक्का बाहेरून द्यावा लागतो आणि तो या दिव्यातून येतो. चावी ऑन केली की करंट चावीतून दिव्यात, दिव्यातून आयएनडी पिनवर, तिथून रोटरमध्ये. अल्टरनेटर उठला की पिनवरही १४ व्होल्ट येतात, दिव्याच्या दोन्ही बाजू सारख्या होतात आणि तो विझतो.

पद्मिनीत दिव्याची वायर कटआउटच्या ५१ वर असते. ती तिथून काढा आणि ६७ च्या जुन्या बारीक वायरीला जोडा. ६७ ची वायर आधीच डायनॅमोपर्यंत गेलेली आहे. तिचे तिकडचे टोक आयएनडीवर. नवी वायर ओढायची गरज नाही. ५१ ची जुनी जाड वायर दोन्ही टोकांना कापून, श्रिंक स्लीव्ह घालून हार्नेसमध्येच सोडा. लोंबकळत ठेवू नका.

बल्ब २ वॅटच्या खालचा नको. २.२ वॅटचा बल्ब सुमारे ०.१८ अँपिअर देतो, तेवढे पुरते. एलईडी लावलीत तर काही मिलिअँपिअरच जातात. मग गाडी सुरू केल्यावर दिवा पेटलेलाच राहतो आणि एकदा जोरात रेस दिली की विझतो. अशा वेळी लोक अल्टरनेटर खोलतात. खोलू नका. दिव्याला समांतर ६८ ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर लावा. दोन-सव्वादोन वॅटची उष्णता होते, म्हणून ५ वॅटचाच, आणि प्लास्टिकला टेकवायचा नाही. हाच रेझिस्टर बल्ब उडाल्यावरही चार्जिंग चालू ठेवतो.

चौथा_गिअर
एकाने सुचवले की दिव्याच्या भानगडीत न पडता आयएनडीला चावीवरून सरळ वायर द्यावी.

जुनाखिळा
मुळीच नको. रोटरचा रोध ३-४ ओहम असतो. सरळ वायर दिली की चावी ऑन होताच तीन-चार अँपिअर रोटरमध्ये. वर चावी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही, कारण पिनवरचे १४ व्होल्ट उलटे चावीच्या वायरीत शिरून कॉइल चालवतात. गाडी गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून बंद करावी लागते.

दिव्याच्या वायरीत १एन४००७ डायोड टाका, चंदेरी पट्टी अल्टरनेटरच्या दिशेला. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मूठभर घेऊन ठेवा.

मल्टिमीटर
मध्ये दिवा ठेवला असेल आणि गाडी पॉइंटवाली (जुन्या, इलेक्ट्रॉनिक नसलेल्या इग्निशनची) असेल तर डायोड लागत नाही. दिव्यातून उलटे ०.१८ अँपिअर आले तरी कॉइलला तीन लागतात, इंजिन बंद पडतेच. इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा इग्निशन रिले बसवला असेल तर मात्र डायोड घाला, त्यांना थोडाही उलटा करंट पुरतो. आणि दिवा न ठेवता फक्त डायोड टाकण्याचा शहाणपणा कोणी करू नये. एक अँपिअरचा डायोड, तीन अँपिअरचा करंट.

जुनाखिळा
रुपयाभराच्या डायोडवरून वाद नको. मी घालणार.

लेस्टरकर
इकडे यूकेत मॉरिस मायनर आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये आणखी एक खड्डा आहे: पॉझिटिव्ह अर्थ. बॅटरीचे प्लस बॉडीला. तिकडेही जुन्या ब्रिटिश गाड्या सांभाळणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी लिहितो. अशा गाडीला आजचा अल्टरनेटर लावून बॅटरीची केबल जोडली की डायोड तिथल्या तिथे जातात, इंजिन सुरू करायचीही वेळ येत नाही.

आधी गाडी निगेटिव्ह अर्थवर आणायची. बॅटरी फिरवून जोडा. पोस्टची जाडी वेगळी असते, म्हणून टर्मिनल बदलावे लागतात. कॉइलच्या दोन बारीक वायरी अदलाबदल करा. तशीच ठेवली तर गाडी चालते, पण स्पार्क कमजोर पडतो. अँमीटर (बॅटरीत येणारा-जाणारा करंट दाखवणारा) असेल तर त्याच्याही वायरी उलटवा. जुना रेडिओ आधी सुटा करा. वायपरच्या किंवा हीटरच्या मोटरमध्ये कायमचे चुंबक असेल तर ती उलटी फिरेल, गुंडाळीवाली मोटर मात्र पूर्वीच्याच दिशेने फिरेल. बल्ब आणि हॉर्नला फरक पडत नाही.

ल्युकासच्या जुन्या डबीवर ए, ए१, एफ, डी, ई अशी अक्षरे असतात. तिथे ए आणि ए१ च्या वायरी एकत्र आणायच्या, म्हणजे तुमच्या ३० चेच काम. दिव्याची वायर डी वर मिळेल.

चहाटळ
ही सगळी विद्या मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीवाल्यांना तोंडपाठ असायची. शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि आता कुर्ल्यात सीएसटी रोडला पद्मिनीचा कटआउट मागितला तर दुकानदार आधी तुमच्याकडे आदराने बघतो, मग भाव सांगतो.

अवली
आदराचे पैसे भावात धरलेले असतात.

खडखड_जीप
जीपला मूळचा ३० अँपिअरचा अँमीटर आहे. बी प्लस थेट सोलेनॉइडवर नेला तर काटा कायम मायनसमध्ये राहतो असे दिसते. अल्टरनेटर खराब समजायचा का?

तांब्याची_तार
नाही. चार्जिंगचा करंट आता अँमीटरच्या बाहेरून बॅटरीत जातो, आणि अँमीटरमधून फक्त लाइट-हॉर्नचा करंट जातो. तो मायनसच दाखवणार. बी प्लस पुन्हा अँमीटरमधून नेऊ नका. तीसच्या अँमीटरमधून पंचेचाळीस गेले तर डॅशबोर्डच्या मागचे स्टड तापतात, आणि तिथे फ्यूज नसतो. डॅशबोर्ड जळण्याचे हे जुने कारण. काटा आहे तसा शोभेला राहू द्या आणि शेजारी व्होल्टमीटर लावा. अल्टरनेटरच्या गाडीत खरी माहिती व्होल्टमीटरच देतो.

घाटमाथा
वायरिंगचा धागा आहे, पण बेल्टबद्दल दोन ओळी लिहितो, कारण अर्धी "चार्जिंग होत नाही" ची तक्रार तिथली असते. पद्मिनीत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. अल्टरनेटरची पुली क्रँकच्या पुलीच्या रेषेत आहे का, ते सरळ पट्टी लावून पाहा. दोन मिमीचा फरकसुद्धा बेल्ट खातो. सर्वांत लांब पट्ट्यावर अंगठ्याने दाबले की १० ते १२ मिमी दबला पाहिजे. डायनॅमोसाठी चालणारा ढिला बेल्ट चाळीस अँपिअरच्या ओढीला घसरतो आणि किंचाळतो.

ब्रॅकेट आणि अल्टरनेटरच्या कानामध्ये फट असेल तर नट आवळून ती बुजवू नका. कान ॲल्युमिनियमचा, तडकतो. फटीच्या मापाची वॉशर किंवा बुश घाला.

चौथा_गिअर
वरचे वाचून असे केले: बॅटरीचे निगेटिव्ह काढले. कटआउट आतून रिकामा, ३० वर दोन्ही वायरी. १० चौरस मिमीची वायर बी प्लसपासून सोलेनॉइडला, टोकाला ६० चा फ्यूज. दिव्याची वायर ६७ मधून आयएनडीला, डायोडसह. चावी ऑन केली की दिवा लागतो, सुरू झाल्यावर विझतो. पण रात्री लाइट लावून न्यूट्रलमध्ये दिवा अगदी मंद, लालसर उजळतो. बॅटरीवर मोजले तर १३.१.

मल्टिमीटर
मंद उजेड म्हणजे दिव्याच्या दोन टोकांत थोडा फरक आहे, आणि १३.१ म्हणजे कुठेतरी व्होल्टेज गळते आहे. इंजिन दोन हजार आरपीएमवर, हेडलाइट चालू. मीटर २० व्होल्ट डीसीवर.

एक टोक अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर, दुसरे बॅटरीच्या प्लस पोस्टवर (टर्मिनलवर नाही, शिशाच्या पोस्टवरच). ०.२ पेक्षा जास्त दिसले तर वायर, फ्यूज किंवा थिंबल.

मग एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरे बॅटरीच्या मायनस पोस्टवर. इथेही ०.२ च्या आत हवे. माझा संशय इथेच आहे.

चौथा_गिअर
प्लसची बाजू ०.१२. मायनसची ०.७.

तांब्याची_तार
सापडले. नव्या ब्रॅकेटला रंग मारलाय ना? अल्टरनेटरचे अर्थिंग ब्रॅकेटमधूनच होते, आणि रंग करंट जाऊ देत नाही. बोल्टखालचा रंग चकचकीत होईपर्यंत खरवडा. शिवाय अल्टरनेटरच्या अंगापासून इंजिन ब्लॉकला ६ चौरस मिमीची वेगळी वायर द्या. त्याच हाताने इंजिन ते बॉडीची विणलेली पट्टी बघा. ती अर्धी तुटलेली असेल तर सेल्फसुद्धा आळशी होतो.

चौथा_गिअर
ब्रॅकेट काळ्या रंगाचाच होता. खरवडून, वायर देऊन आता मायनसची बाजू ०.०८, बॅटरीवर १४.१, लाइट लावून न्यूट्रलमध्ये १३.७. दिवा पूर्ण बंद. आभार सगळ्यांचे.

मल्टिमीटर
१४.१ झकास. साडेचौदाच्या वर सतत राहिले तर बॅटरीचे पाणी उन्हाळ्यात भराभर आटते, रेग्युलेटर तपासा. आता मीटर एसीवर करून तेच बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर डायोड ठीक. आणि ज्यांनी दिव्याच्या वायरीत डायोड घातलेला नाही, त्यांना गाडी बंद, चावी काढलेली असताना दिवा मंद लागलेला दिसला तर समजा एक डायोड शॉर्ट आहे, बॅटरी उलटी दिव्यापर्यंत येते आहे. तसे झाले तर लगेच बॅटरीचे टर्मिनल काढा, सकाळपर्यंत थांबू नका.

जुनाखिळा
आणि वायरमनला एक सांगून ठेवा. डायनॅमोच्या काळातली "इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून बघ, बंद पडतंय का" ही परीक्षा अल्टरनेटरवर करू द्यायची नाही. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळते आणि रेग्युलेटर, डायोड, सोबत तुमचा टेप, सगळे एका झटक्यात जाते. वेल्डिंग करतानाही बॅटरी आणि बी प्लस दोन्ही सोडवूनच.

अवली
म्हणजे शेवटी वायरमनच बदलायचा होता.

खडखड_जीप
जाता जाता: डायनॅमोवरचा रेडिओचा कंडेन्सर उरला आहे. तो कुठे?

तांब्याची_तार
बी प्लस आणि अल्टरनेटरच्या अंगामध्ये. आयएनडीवर चुकूनही नाही.